काळ्या गुलाबांचा गंधार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाश्चात्त्य गायनाच्या परीक्षेसाठी तुम्हाला फिनिश संगीतकार ज्याँ सिबेलियुस यांचे 'स्वार्ता रूसुर', म्हणजे 'काळे गुलाब', हे गीत बसवायचे आहे. सगळे जण त्याला विषण्ण गीत म्हणतात, पण त्याच्या सुरुवातीच्या ओळी तुम्हाला चक्क प्रसन्न वाटतात. तेव्हा आपले ऐकण्यात काही चुकते आहे का, आणि शब्द स्वीडिश असताना या गीताला फिनिश का म्हणायचे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. गेली अनेक वर्षे मी गायकांना पियानोची साथ करत आले आहे आणि हे गीत माझ्या बोटांखालून इतक्या वेळा गेले आहे की त्याच्याविषयी माझी काही ठाम मते झाली आहेत. पहिले मत हे, की तुमच्या कानाचे काहीही चुकलेले नाही. सुरुवात प्रसन्नच आहे, आणि गाणाऱ्याने ती प्रसन्न ठेवली नाही तर शेवटचे दुःख उभे राहत नाही.

आधी शब्दांकडे पाहू, कारण या जातीच्या गीतात शब्द आधी आणि सूर नंतर जन्मलेला असतो. आपल्याकडच्या भावगीताशी त्याचे नाते जोडता येईल, पण एक फरक ध्यानात ठेवायला हवा. भावगीतात वादकाला संगतीचे बरेच स्वातंत्र्य असते. इथे पियानोचा स्वर अन् स्वर संगीतकाराने लिहून ठेवलेला असतो आणि गायकाला जे ठाऊक नाही ते पुष्कळदा पियानोला ठाऊक असते. कविता तीन कडव्यांची आहे आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकच पालुपद येते. पहिल्या कडव्यात कोणीतरी विचारते, की तू तर नेहमी आनंदी, हसतखेळत असतोस, मग आज इतका उदास का? उत्तर येते, की तुला मी आनंदी दिसतो तेव्हा जितका उदास असतो त्याहून आज मी काही अधिक उदास नाही. कारण दुःखाला रात्रीसारखे काळे गुलाब असतात. दुसऱ्या कडव्यात तो म्हणतो, की माझ्या हृदयात गुलाबाचे एक झाड वाढते आहे, ते मला कधी स्वस्थता लाभू देणार नाही, त्याच्या देठांवर काट्याला लागून काटा आहे आणि त्याचा दाह नि सल मला अखंड सोसावा लागतो. तिसऱ्यात त्या झाडाला फुलांचा खजिनाच लगडतो, काही फुले मृत्यूसारखी पांढरी, काही रक्तासारखी लाल. झाड वाढतच जाते, आता मी संपतो असे त्याला वाटू लागते, हृदयातल्या त्या झाडाच्या मुळांशी हिसके आणि तडाखे बसत राहतात, आणि पुन्हा तेच पालुपद.

यातल्या दोन गोष्टी सहसा निसटतात. झाडाला आलेली फुले पांढरी आणि लाल आहेत. काळे फूल झाडावर कुठेच नाही, ते फक्त पालुपदात आहे. दुसरी गोष्ट अशी, की पालुपद 'त्यू' या शब्दाने सुरू होते आणि त्याचा अर्थ 'कारण' असा आहे. ती किंकाळी नाही, ते स्पष्टीकरण आहे. तीन वेगवेगळ्या विधानांना हा माणूस तेच एक कारण देतो, आणि ज्याला आपल्या दुःखाचे कारण इतक्या शांतपणे सांगता येते त्याचे दुःख आजकालचे नसते. अनेक गायक 'त्यू' हा शब्द उंबरठा ओलांडावा तसा घाईने ओलांडतात आणि पुढच्या 'सोर्येन', म्हणजे 'दुःख', या शब्दावर सगळा भार टाकतात. माझ्या मते 'त्यू' थोडा वजनदार आणि अगदी निश्चयाने म्हटला, तर पुढच्या शब्दाला वेगळा अभिनय करावा लागत नाही.

आता स्वरांकडे वळते, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. हे गीत मूळ पट्टीत सी मेजरमध्ये सुरू होते आणि सी शार्प मायनरमध्ये संपते. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज पांढरी एकवरून काळी एकवर जातो, आणि शुद्ध गंधाराच्या उजळ 'मेजर'वरून कोमल गंधाराच्या उदास 'मायनर'वर. पाश्चात्त्य संगीताच्या व्याकरणात हे दोन शेजारी एकमेकांपासून फार दूर मानले जातात. त्यांचे षड्ज अवघ्या अर्ध्या स्वराच्या अंतरावर असले, तरी त्यांच्या सप्तकांत समान स्वर फार थोडे आहेत. नेहमीच्या सोयीच्या वाटेने दुःखाकडे जायचे असते, तर संगीतकाराने सी मेजरवरून ए मायनर किंवा सी मायनर गाठला असता. ए मायनरमध्ये स्वर तेच राहतात आणि केंद्र बदलते. सी मायनरमध्ये केंद्र तेच राहते आणि गंधार, धैवत, निषाद कोमल होतात. दोन्ही वाटा ऐकणाऱ्याच्या सरावातल्या आहेत, आणि हजारो गीते त्यांवरून गेलेली आहेत. सिबेलियुस यांनी दोन्ही सोडल्या.

त्यांनी जी वाट घेतली तिचे मर्म पेटीवर दोन मिनिटांत कळते. पांढरी एक षड्ज धरून सा, शुद्ध ग, प हे तीन स्वर एकत्र वाजवा. ते झाले सी, ई आणि जी, म्हणजे सी मेजरची त्रयी. आता मधला ई तसाच दाबून ठेवा आणि बाजूचे दोन्ही स्वर अर्ध्या स्वराने वर सरकवा: सी शार्प, ई, जी शार्प. ही झाली सी शार्प मायनरची त्रयी. मधले बोट जागचे हललेले नाही. पण मघाशी जो शुद्ध गंधार होता तोच आता कोमल गंधार झाला आहे, कारण त्याच्या पायाखालचा षड्ज सरकला. स्वर तोच, पण ज्या जमिनीवरून तो ऐकायचा ती जमीन बदलली.

आता पहिल्या कडव्यातले उत्तर पुन्हा वाचा: तुला मी आनंदी दिसतो तेव्हा जितका उदास असतो, तितकाच आज आहे. माणूस बदललेला नाही, त्याला पाहणाऱ्याची जागा बदलली आहे. बाहेरून पाहणाऱ्याचा षड्ज पांढरी एक आहे, म्हणून त्याला तो गंधार शुद्ध ऐकू येतो. सोसणाऱ्याचा षड्ज काळी एक आहे आणि त्याला तोच स्वर कोमल ऐकू येतो. सिबेलियुस यांनी अशी फोड करून गीत रचले असेल असा माझा दावा नाही. संगीतकाराचा हात पुष्कळदा त्याच्या स्पष्टीकरणाच्या पुढे असतो. पण कवितेचा अर्थ आणि स्वरांची रचना यांची इतकी तंतोतंत गाठ मी फार थोड्या गीतांत पाहिली आहे. काळ्या गुलाबांचे गाणे शेवटी काळ्या पट्टीवर जाऊन थांबते, हा मात्र निव्वळ योगायोग समजा आणि त्याचे कौतुक मनातच ठेवा. तुमच्या आवाजाला मूळ पट्टी चढी पडत असेल तर खालच्या आवाजासाठी उतरवलेल्या आवृत्तीत गा. पट्टी बदलली तरी दोन षड्जांमधले अर्ध्या स्वराचे अंतर तेच राहते आणि म्हणण्यासारखे काही हरवत नाही.

पियानोची भूमिकाही याच दिशेने समजून घ्यावी. आरंभी साथ त्रयीचे स्वर वेगळे करून वाहत्या लाटांसारखी फिरते आणि तिच्यावर आवाज जवळजवळ गप्पा मारल्यासारखा चालतो, बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एक स्वर. पालुपदाशी येताच उजेड मंदावतो. कडव्यागणिक ही सावली गडद होते, तिसऱ्या कडव्यात पियानो दाट आणि अस्वस्थ होतो आणि शेवटच्या पालुपदात आवाज आपल्या पल्ल्याच्या वरच्या टोकाला पूर्ण ताकदीने पोचतो. गीत परत सी मेजरला येत नाही. पाश्चात्त्य श्रोत्याला घरी परतण्याची जी सवय असते ती इथे मोडली जाते, आणि तानपुऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानाला तर ती अधिकच बोचते, कारण एका बैठकीत षड्ज हलत नाही हे आपल्या संगीताने आपल्याला दिलेले वचन असते.

गाताना नेमकी याच ठिकाणी आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची फसगत होते. षड्ज अर्ध्या स्वराने वर गेला तरी कान जुन्या षड्जाला चिकटून राहतो आणि पालुपद किंचित उतरते. त्यावर मी एक सराव देते. तानपुरा पांढरी एकला लावून शुद्ध गंधारावर 'आ'कार स्थिर धरा. मग तानपुरा काळी एकला लावा आणि तोच स्वर कोमल गंधार म्हणून धरा. तुमच्या ध्यानात येईल की दुसऱ्या वेळी स्वर थोडा चढवावा लागतो. शुद्ध स्वरांतरांच्या हिशेबाने हा फरक जवळजवळ ३० सेंटचा आहे (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), आणि शिकलेल्या कानाला तो स्पष्ट ऐकू येतो. पियानोवर दोन्हींची पट्टी एकच असल्याने तिथे हा फरक पुसला जातो, त्यामुळे पियानोसह गाताना पियानोच्याच ई स्वराशी जुळवून घ्यायचे. पण एकदा तानपुऱ्यावर तो फरक गळ्याने अनुभवला, की पालुपदात तुमचा स्वर उतरणार नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तोच स्वर दोन मनःस्थितींत कसा राहतो हे तुम्हाला शब्दांत समजावून सांगावे लागणार नाही.

आता हे गीत फिनिश कसे, या प्रश्नाकडे येऊ. कवी एर्न्स्ट यूसेफसन (१८५१ ते १९०६) हे स्टॉकहोमचे, मुळात चित्रकार. धबधब्याच्या खडकांत बसून फिडल वाजवणाऱ्या नग्न जलदैवताचे त्यांचे १८८४ चे चित्र स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयाने नाकारले आणि पुढे १८९३ मध्ये राजपुत्र ऑयगेन यांनी ते स्वतःसाठी विकत घेतले. आजही ते राजपुत्रांच्या वाल्देमार्सूद्दे या तेव्हाच्या निवासस्थानी आहे. 'काळे गुलाब' याच नावाचा यूसेफसन यांचा कवितासंग्रह १८८८ मध्ये आला आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर असताना त्यांना गंभीर मानसिक आजार जडला. या दोन घटना जवळजवळ आल्या म्हणून कविता आजाराच्या चष्म्यातून वाचण्याचा मोह अनेकांना होतो. मला ते पटत नाही. कवितेची मांडणी इतकी शिस्तीची आहे की तिला लक्षण म्हणून वाचणे हा तिच्यावर अन्याय आहे.

म्हणजे शब्द स्वीडिश, कवी स्वीडनचा. पण सिबेलियुस यांची मातृभाषाही स्वीडिशच होती. त्यांचा जन्म १८६५ मध्ये हामेनलिन्ना येथे झाला, फिनिश ते शाळेत शिकले, आणि त्यांची शंभरावर एकल गीते पाहिली तर बहुसंख्य स्वीडिश कवितांवर आहेत. फिनलंड शेकडो वर्षे स्वीडनच्या राज्यात होते, १८०९ ते १९१७ या काळात रशियाच्या झारचे महासंस्थान होते, आणि त्या काळातही सुशिक्षित वर्गाची, विद्यापीठाची आणि नाट्यगृहाची भाषा दीर्घकाळ स्वीडिश राहिली. त्या देशाचे राष्ट्रकवी यूहान लुडव्हिग रूनेबेर्ग यांनी स्वीडिशमध्येच लिहिले आणि आजचे राष्ट्रगीतही मुळात त्यांच्या स्वीडिश कवितेवर रचलेले आहे. आजही तिथे फिनिश आणि स्वीडिश या दोन राष्ट्रभाषा आहेत. सिबेलियुस यांनी हे गीत १८९९ मध्ये लिहिले. ते त्यांच्या छत्तिसाव्या ओपसमधील, म्हणजे रचनांच्या क्रमांकित संचातील, सहा गीतांपैकी पहिले. हेलसिंकीच्या मैफलींमध्ये ते रुजवण्याचे श्रेय गायिका ईदा एकमान यांना जाते. तेव्हा भाषेवरून गीताचे राष्ट्रीयत्व ठरवण्याचा हट्ट इथे लागू पडत नाही.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत झार दुसऱ्या निकोलसच्या जाहीरनाम्याने फिनलंडच्या स्वायत्ततेवर घाला घातला होता आणि वर्षअखेरीस 'फिनलांदिया' या नावाने पुढे गाजलेले संगीत प्रथम वाजले. या गीताचे वय तेच आहे, म्हणून काही अभ्यासक त्यात राष्ट्राचे दुःख शोधतात. शब्दांत आणि स्वरांत मला त्याचा मागमूस दिसत नाही. तसेच बर्फ, अरण्ये आणि लांबलचक काळोख्या रात्री यांवरून उत्तरेकडच्या संगीताची विषण्णता समजावून सांगण्याची जी सोपी रीत आहे, ती तुम्ही परीक्षेतल्या तोंडी उत्तरात वापरू नये असे मी सुचवेन. या गीतात निसर्ग नाहीच. जे झाड आहे ते छातीच्या आत आहे. फिनिश भाषेत 'काइहो' असा एक शब्द आहे, आणि त्याला मराठीत सगळ्यांत जवळचा शब्द मला 'हुरहूर' वाटतो: जे दूर आहे किंवा परत यायचे नाही त्याच्यासाठी मन ओढ घेते ती अवस्था. फिनिश गीतांची चर्चा करताना हा शब्द सर्रास वापरला जातो, पण 'काळे गुलाब'ला तो लागू पडत नाही. इथे काही दूर गेलेले नाही, उलट काहीतरी आत वाढते आहे. हुरहूर ऐकायची असेल तर सिबेलियुस यांचे १८९८ चे 'इल्लाल्ले', म्हणजे 'संध्येस', हे गीत ऐका. ते फिनिश शब्दांवर आहे आणि त्यात आवाज एकाच स्वरावर पुन्हा पुन्हा परतत जपासारखा चालतो. फिनिशमध्ये प्रत्येक शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर असतो आणि त्यामुळे ओळीची चाल उतरत्या पायऱ्यांसारखी होते. स्वीडिश ओळीची चाल वेगळी असते.

उच्चारांविषयी थोडे सांगणे भाग आहे. 'सोर्येन' या शब्दात र नंतरचा ग उच्चारला जात नाही, तिथे य येतो. 'हृदय' या अर्थाचा शब्द 'यार्ता' असा म्हणावा, आरंभीचा ह मूक आहे. 'देठ' या अर्थाच्या शब्दाच्या आरंभी त्यांच्या लिपीत तीन व्यंजने असली तरी ऐकू यायचा तो 'श'सारखा एकच ध्वनी. 'त्यू' मधील स्वर आपल्याकडे नाही. जीभ 'ई'ला ठेवून ओठ 'ऊ'चे करा, म्हणजे तो साधेल. 'काटा' या अर्थाचा 'तग्ग' हा शब्द मात्र मराठी माणसाला सहज जमतो, कारण द्वित्ताची आपल्याला सवय आहे. ते द्वित्त आळसाने सैल सोडू नका, 'काट्याला लागून काटा' या प्रतिमेची सगळी बोच त्या दोन गांत आहे. फिनलंडमधल्या स्वीडिशमध्ये स्टॉकहोमच्या बोलीतले शब्दागणिक येणारे हेलकावे नसतात, ती सपाट आणि स्पष्ट असते, आणि हे गीत गाताना ती अधिक सोयीची पडते.

ध्वनिमुद्रणे पुष्कळ आहेत. यूसी ब्यर्लिंग, मेरियन अँडरसन, टॉम क्राउसे यांनी ते गायले आहे. किर्स्टन फ्लाग्स्टाट यांनी वाद्यवृंदासह गायले आहे. फ्लाग्स्टाट यांचा आवाज ऐकून थक्क व्हायला होते, पण शिकण्यासाठी मी पियानोची साथ असलेलीच ऐकायला सांगते. वाद्यवृंदाची ही आवृत्ती सिबेलियुस यांच्या हातची नाही, आणि तंतुवाद्यांच्या मऊ गादीवर षड्ज कधी सरकला ते नीट कळतही नाही. पियानोच्या कोरड्या, लगेच विरणाऱ्या स्वरांत ती फट उघडी राहते.

बसवताना पहिले कडवे खरोखर विचारपूस केल्यासारखे गा, विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नाही असे समजून. पालुपदापूर्वी लय रेंगाळू देऊ नका. अंधार येणार आहे हे आधी सांगण्याचे काम गायकाचे नाही, ते पियानो करील. तिसऱ्या कडव्यात 'वाढते, वाढते' हे दोन शब्द सारख्याच जोराने म्हटले की झाड वाढत नाही. दुसरा पहिल्याहून पुढे गेला पाहिजे, तरीही सगळी ताकद तिथेच खर्चून टाकू नये, कारण मुळांच्या ओळी अजून यायच्या असतात. शेवटचा शब्द संपल्यावर चेहरा सैल करू नका आणि वहीकडे पाहू नका. त्यानंतरचे पियानोचे मायनर स्वर गीताचाच भाग आहेत आणि ते तुमच्या चेहऱ्यावर ऐकले जातात. साथीदाराला आधीच सांगून ठेवा, की पेडल शेवटचा आघात पूर्ण विरेपर्यंत उचलायचे नाही.

कार्यक्रमात जोडीला काय ठेवावे, हेही तुम्ही विचारले आहे. त्याच ओपसमधील १९०० चे 'सेव्ह, सेव्ह, सूसा' तुमच्या आवाजाला शोभेल. त्यात लव्हाळ्यांना आणि लाटांना विचारले जाते की तरुण इंगालिल्ल कुठे गेली, आणि गावाच्या द्वेषाने तिला तळ्यात लोटले हे हळूहळू उलगडते. तिथे दुःख दुसऱ्याचे आहे आणि सांगणारा काठावर उभा आहे, म्हणून ते 'काळे गुलाब'च्या आधी गावे. नंतर ठेवलेत तर छाती फाडून गायलेल्या स्वरावरून लव्हाळ्यांच्या कुजबुजीवर यायला आवाजाला वेळ मिळणार नाही, आणि ते गीत पहिल्या चार मापांतच मोडेल.